घरातलं माणूस दुसऱ्याच्या हलगर्जीपणामुळे गेलं तर पुढे काय करायचं? ठाणे-नवी मुंबईतल्या घरांसाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी वकील नाही. आमच्या घरात असा मृत्यू झाला, त्यानंतर ठाणे कोर्टात बरीच वर्षं ये-जा झाली, आणि तेव्हापासून ओळखीतून कोणी ना कोणी फोन करतंच की ताई आता आम्ही काय करायचं. प्रश्न बहुतेक वेळा तेच असतात म्हणून एकदा नीट लिहून काढतेय. माझं म्हणणं एकच आहे, केस कोर्टात नंतर कितीही वर्षं चालू दे, ती उभी राहते पहिल्या काही आठवड्यांतल्या कागदांवर, आणि नेमकं त्याच आठवड्यांत घरातल्यांचं डोकं चालत नसतं. म्हणून शेजाऱ्याने, मेहुण्याने, ऑफिसातल्या मित्राने, कोणीतरी एकाने ही जबाबदारी घ्या.

पोलिसांनी केस केलीय, मग भरपाई आपोआप मिळेल ना?

नाही, आणि हा गैरसमज सगळ्यात महागात पडतो. पोलिस केस आणि भरपाईचा दावा या दोन वेगळ्या वाटा आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम १०६(१) म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू घडवणं, शिक्षा ५ वर्षांपर्यंत (आधी आयपीसी ३०४-ए होतं, त्यात २ वर्षं होती). ही केस सरकार चालवतं, तुम्ही त्यात साक्षीदार. त्यातून शिक्षा होईल किंवा नाही होणार, पण तुमच्या घराचं जे नुकसान झालं त्याचा हिशोब तिथे होत नाही. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि तो कुठे करायचा हे मृत्यू कसा झाला त्यावर ठरतं. रस्ता, रेल्वे, कंपनी, हॉस्पिटल, प्रत्येकाचं ऑफिस वेगळं आणि मुदतही वेगळी. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवता येतात, एक संपेपर्यंत दुसरीसाठी थांबायची गरज नाही.

पहिल्या काही दिवसांत काय काय करायचं?

पोस्टमार्टेम. आधी हेच. खूप जण म्हणतात चिरफाड नको, लवकर ताब्यात द्या, आणि ते मी समजू शकते, पण पीएम झालं नाही तर मृत्यू नक्की कशाने झाला हे नंतर कोणीही सिद्ध करू शकत नाही, अग्नी दिल्यावर तर विषयच संपला. अपघातात पोलिस करतातच, पण हॉस्पिटलमध्ये उपचारात काही चुकलं असा संशय असेल तर तुम्हालाच पोलिसांना लेखी सांगून पीएम मागावं लागतं. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले पोटातल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला असेल तर त्याचा रिपोर्ट यायला महिने लागतात, तेवढा धीर ठेवा आणि तपासी अंमलदाराकडे विचारत रहा.

मग कागद. एफआयआरची कॉपी (फिर्यादीला फुकट मिळते, हक्क आहे तो), घटनास्थळाचा पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, पीएम रिपोर्ट, मृत्यू दाखला. प्रत्येकावर नाव, वय, पत्ता आधार कार्डाप्रमाणेच आहे का ते तिथल्या तिथे वाचून घ्या. वय चुकीचं लागलं तर भरपाईचा आकडा बदलतो, नावात एक अक्षर इकडचं तिकडे झालं तर बँक आणि कोर्ट दोन्हीकडे प्रतिज्ञापत्रं करत बसावं लागतं. आणि सीसीटीव्ही! दुकानाचा, सोसायटीचा, टोलचा. बऱ्याच ठिकाणी पंधरा दिवस ते महिनाभरात रेकॉर्डिंग आपोआप पुसलं जातं, म्हणून तेराव्याची वाट बघू नका, पोलिसांना आणि त्या सोसायटीला किंवा दुकानदाराला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच लेखी पत्र द्या की फुटेज जपून ठेवा, आणि त्याची पोच घ्या. गेलेल्या माणसाचा फोन फॉरमॅट करू नका, सिम बंद करू नका, पाकीट आणि कपडे टाकून देऊ नका. पाकिटात रेल्वेचा पास असेल, फोनमध्ये पगाराचे मेसेज असतील, कंपनीच्या सुपरवायझरचा "आज ये" असा व्हॉट्सअॅप असेल. हेच पुरावे.

पोलिस म्हणतात एडीआर केलाय, एफआयआरची गरज नाही. खरं आहे का?

एडीआर म्हणजे अकस्मात मृत्यूची नोंद, ती भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली होते. ती फक्त चौकशी, गुन्हा नाही. कोणाची चूक दिसत असेल तर गुन्हा नोंदवायलाच हवा. आधी पोलिस स्टेशनला लेखी तक्रार द्या, शिक्का मारून पोच घ्या. घेतलीच नाही तर तीच तक्रार पोस्टाने पोलिस उपायुक्तांना पाठवा (ग्रामीण भागात अधीक्षकांना), ही सोय कलम १७३(४) मध्येच आहे. तिथेही काही झालं नाही तर मॅजिस्ट्रेटसमोर अर्ज, ते तपासाचा आदेश देऊ शकतात. आमची हद्द नाही असं म्हणून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घेऊन योग्य ठिकाणी पाठवणं त्यांचं काम. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत तुम्हाला कळवायचं बंधन पोलिसांवर आहे, विचारायला लाजू नका.

समोरची पार्टी म्हणतेय दोन-तीन लाख घ्या आणि मिटवा. घ्यायचे का?

कोणत्याही कागदावर सही करू नका. स्मशानातून आल्यावर लगेच येणारे लोक खूप गोड बोलतात, ओळखीचा नगरसेवक नाहीतर गावचा माणूस मध्ये घेऊन येतात, आणि नोटरीच्या स्टॅम्प पेपरवर "आमची काही तक्रार नाही" असं लिहून घेतात. निष्काळजीपणाने मृत्यूचा गुन्हा आपसात मिटवता येणारा नाही, त्यामुळे त्या कागदाने पोलिस केस संपत नाही, पण तुमचीच साक्ष कमकुवत होते. अंत्यविधीसाठी कोणी मदत केली तर घ्या, कशासाठी घेतली ते लिहून ठेवा, बास.

रोड अॅक्सिडेंटमध्ये किती भरपाई मिळते? आकडा कसा ठरतो?

दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात लागतो, मोटार वाहन कायदा कलम १६६. घोडबंदर रोडवरचा डंपर असो, मुंब्रा बायपासचा ट्रक की सायन-पनवेल हायवेवरचा ट्रेलर, पद्धत एकच. हिशोब सुप्रीम कोर्टाने दोन निकालांत पक्का करून दिलाय, २००९ चा सरला वर्मा आणि २०१७ चा प्रणय सेठी.

समजा माणूस ३४ वर्षांचा, स्वतःचा टेम्पो चालवून महिना ३०,००० कमवायचा, मागे बायको, दोन मुलं आणि आई. स्वतःचा धंदा आणि वय ४० च्या आत म्हणून पुढे वाढू शकणाऱ्या कमाईचे ४० टक्के धरतात, झाले ४२,०००. अवलंबून असलेले चौघं, म्हणून त्याच्या स्वतःच्या खर्चासाठी एक चतुर्थांश वजा, राहिले ३१,५००. वर्षाचे ३,७८,०००. ३४ वयाला गुणक (वर्षाच्या रकमेला वयानुसार ज्याने गुणतात तो आकडा) १६, म्हणजे ६०,४८,०००. याच्यावर साथ हरपल्याबद्दल बायको, प्रत्येक मूल आणि आई यांना वेगवेगळे (४०,००० पासून सुरुवात, दर ३ वर्षांनी १० टक्के वाढ), अंत्यविधीचा खर्च वेगळा, आणि साधारणपणे अर्ज केल्या तारखेपासून व्याज. कायम नोकरी असेल तर ४० ऐवजी ५० टक्के धरतात. लग्न झालेलं नसेल तर स्वतःच्या खर्चासाठी कमाईचा अर्धा भाग कापला जातो, त्यामुळे तरुण मुलगा गेला तर आकडा लोकांना वाटतो त्यापेक्षा बराच कमी येतो, हे आधीच माहीत असलेलं बरं.

यात सगळं अडतं ते कमाईच्या पुराव्यावर. रिटर्न भरलेले नसतात, पगार रोख असतो. मग बँकेत जमा झालेल्या रकमा, यूपीआय, मुलांच्या शाळेची फी, टेम्पोच्या लोनचे हप्ते, मालकाचं पत्र, जे मिळेल ते जमवा. काहीच नसेल तर कोर्ट अंदाजाने धरतं आणि तो अंदाज बहुतेक वेळा कमीच असतो.

कोणाची चूक हे सिद्ध न करता कलम १६४ खाली मृत्यूसाठी सरळ ५ लाख मिळू शकतात. पण ते स्वीकारले की १६६ चा मोठा दावा संपतो, त्यामुळे इन्शुरन्सवाल्याने घाई केली तरी आधी वरचा हिशोब करून बघा.

मुदत: अपघातापासून ६ महिने. ही अट १ एप्रिल २०२२ पासून परत आलीय. उशीर झाला असेल तर हात बांधून बसू नका, वकिलाला विचारा, पण मनात ६ महिनेच धरून चाला. पोलिसांनीही ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यायचा असतो, तो गेला का हे तपासी अंमलदाराला जाऊन विचारा.

ड्रायव्हरकडे लायसन्सच नव्हतं, किंवा आमच्या माणसाने हेल्मेट घातलं नव्हतं. मग दावा बुडतो का?

नाही. लायसन्सच्या बाबतीत बऱ्याचदा कोर्ट इन्शुरन्स कंपनीला आधी तुम्हाला पैसे द्यायला लावतं आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतं. हेल्मेट नसल्याने फार तर काही टक्के कापले जातात, तेही डोक्याच्या मारानेच मृत्यू झाला असेल तर. गाडीचा इन्शुरन्सच नसेल तर मालकाच्या खिशातून वसूल करावं लागतं आणि ते अवघड काम आहे, त्यामुळे त्याच्या नावावर काय आहे ते सुरुवातीलाच शोधून ठेवा.

आई नोकरी करत नव्हती, घरीच असायची. तिच्या मृत्यूची भरपाई काय मिळणार, असं सगळे म्हणतात.

मिळते. हे ऐकलं की मला फार राग येतो. घरातलं काम हे काम आहे आणि त्याचं उत्पन्न धरून, त्यात पुढची वाढ मिळवून भरपाई काढायची हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२१ च्या कीर्ती विरुद्ध ओरिएंटल इन्शुरन्स या निकालात स्पष्ट सांगितलंय. ती शिवणकाम करायची, डबे द्यायची, क्लास घ्यायची, तर तेही मांडा.

धडक देऊन गाडी पळाली, नंबर मिळालाच नाही.

हिट अँड रन योजना आहे, मृत्यूसाठी २ लाख (१ एप्रिल २०२२ च्या आधी फक्त २५,००० होते). अर्ज प्रांत किंवा तहसीलदार ऑफिसला, कोर्टात जावं लागत नाही. महिनाभरात गाडी सापडली नाही तर या योजनेची माहिती तुम्हाला लेखी द्यायला सुप्रीम कोर्टाने पोलिसांना सांगितलेलं आहे, नाही दिली तर तुम्ही मागा. पुढे गाडी सापडली तर मोठा दावा करता येतो, पण मग हे २ लाख त्यातून वळते होतात.

खड्ड्यामुळे बाईक घसरली आणि माणूस गेला. महापालिकेवर काही करता येतं का?

येतं, आणि आता पूर्वीपेक्षा बरंच सोपं झालंय. मुंबई हायकोर्टाने १३ ऑक्टोबर २०२५ ला आदेश दिला की खड्डे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना ६ लाख द्यायचे, जखमींना ५०,००० ते अडीच लाख. त्यासाठी प्रत्येक महापालिकेत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती, आणि रक्कम ६ ते ८ आठवड्यांत देणं अपेक्षित आहे. पावसाळ्यात घोडबंदरला किंवा शिळफाट्याला काय अवस्था असते हे आपल्याला कोणी सांगायला नको. पण समितीसमोर मृत्यू खड्ड्यामुळेच झाला हे दिसायला लागतं, आणि महापालिका कधीकधी दुसऱ्याच दिवशी खडी टाकून खड्डा बुजवते. म्हणून त्याच दिवशी फोटो आणि व्हिडिओ काढा, लोकेशन चालू ठेवून, बाजूला काहीतरी ठेवून खोली दिसेल असे. पोलिसांच्या पंचनाम्यात "खड्डा" लिहिलंय का ते बघा, "गाडी स्लिप झाली" एवढंच लिहिलं असेल तर लेखी हरकत द्या. एफआयआर कंत्राटदारावरही होऊ शकतो.

दुसरी गाडी नव्हती, खड्डाही नव्हता, त्याचाच तोल गेला. मग काहीच नाही?

स्वतःच्याच चुकीसाठी १६६ चा दावा टिकत नाही. पण गाडी त्याच्या नावावर होती, लायसन्स होतं आणि पॉलिसीत मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा असेल तर १५ लाख मिळतात. पॉलिसीचा कागद काढून बघा, कितीतरी घरांना हे माहीतच नसतं. तसंच बँक पासबुकात वर्षाला २० रुपये कापले गेलेत का बघा, ती पंतप्रधान सुरक्षा विमा योजना, अपघाती मृत्यूला २ लाख, बँकेला लगेच कळवायचं. ४३६ रुपये कापले असतील तर जीवन ज्योती, त्याचे वेगळे २ लाख. पीएफ असेल तर ईडीएलआय विमा असतो, नोकरीत असताना मृत्यू झाला तर ७ लाखांपर्यंत. हे सगळं भरपाईच्या दाव्यापासून वेगळं आहे, दोन्ही घेता येतं.

लोकलमधून पडून मृत्यू झाला.

९ जून २०२५ ला सकाळी मुंब्र्याच्या वळणावर दोन चालत्या लोकलमधून माणसं पडली तेव्हा सगळीकडे बातम्या झाल्या, पण डब्यातून पडून एकेकटं माणूस जाणं हे आपल्याकडे वर्षानुवर्षं चालूच आहे, त्यांच्या घरच्यांना कोणी काही सांगत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १२४-ए खाली अशा मृत्यूला ठरलेली भरपाई ८ लाख आहे, रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे, मुदत १ वर्ष.

रेल्वेचं म्हणणं दोनच असतं: तो रूळ ओलांडत होता, किंवा त्याच्याकडे तिकीट नव्हतं. रूळ ओलांडताना मृत्यू झाला तर ही भरपाई नाही, म्हणून मृतदेह कुठे आणि कसा सापडला, जखमा कशा होत्या, स्टेशन मास्तरच्या मेमोत आणि रेल्वे पोलिसांच्या पंचनाम्यात काय लिहिलंय यावर अख्खी केस असते. ठाणे, वाशी, पनवेल, जिथली हद्द असेल तिथल्या रेल्वे पोलिसांकडून हे कागद घ्या, आणि डब्यात बरोबर असलेला कोणी मित्र असेल तर त्याचा जबाब नोंदवायला लावा. तिकीट सापडलं नाही म्हणून तो प्रवासी नव्हता असं होत नाही, २०१८ च्या रिना देवी निकालात सुप्रीम कोर्टाने हे सांगितलंय, घरच्यांचं प्रतिज्ञापत्र आणि बाकी परिस्थिती बघितली जाते. मोबाइलमधलं यूटीएस (रेल्वेच्या अॅपवरचं) तिकीट, जुने पास, रोजच्या कामाचं ठिकाण, हे द्या. दारात उभा होता म्हणजे त्याने स्वतःच ओढवून घेतलं, हा मुद्दाही टिकत नाही. सकाळी ८ च्या डोंबिवली-दिव्याच्या गर्दीत दाराशिवाय जागा कुठे असते?

कंपनीत किंवा बांधकाम साइटवर मृत्यू झाला. ठेकेदार म्हणतो तो माझा माणूसच नव्हता.

हे उत्तर तुर्भे-महापे पट्ट्यातल्या कंपन्यांपासून तळोजापर्यंत आणि घोडबंदरच्या टॉवरच्या साइटवर सगळीकडे मिळतं. सप्टेंबर २०२३ मध्ये ठाण्यात बाळकुमला ४० मजली इमारतीची लिफ्ट कोसळून कामगार गेले, ते सगळे दिवसभर काम करून खाली येत होते. अशा वेळी ठेकेदार नाही म्हणाला तरी ज्याचं काम चालू होतं त्या मूळ मालकाला भरपाई द्यावी लागते, मालकाने ती नंतर ठेकेदाराकडून घ्यावी. म्हणून गेट पास, हजेरीचा फोटो, हेल्मेटवरचं कंपनीचं नाव, बरोबरच्या कामगारांचे फोन नंबर आधी गोळा करा, कारण बरोबरचे कामगार पंधरा दिवसांत दुसऱ्या साइटला किंवा गावी जातात.

भरपाईचं सूत्र: महिन्याच्या पगाराचे ५० टक्के गुणिले वयानुसार ठरलेला आकडा, पगार जास्तीत जास्त १५,००० धरतात. ३० वर्षांच्या माणसाला तो आकडा २०७.९८, म्हणजे साधारण साडेपंधरा लाख. इथे कोणाची चूक हा प्रश्न येत नाही, काम करताना झालं एवढं पुरे. एका महिन्यात पैसे भरले नाहीत तर व्याज आणि दंडही लागतो. पूर्वी हे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्यात होतं, २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि हा भाग तिच्यात गेला, त्यामुळे अपघाताची तारीख बघूनच अर्ज करायचा. मुदत २ वर्षं. ठाण्याच्या लेबर कोर्टात चौकशी करा.

आणि हे लक्षात ठेवा, कामावरच्या मृत्यूची भरपाई मालकाने कोर्टात किंवा सक्षम अधिकाऱ्याकडेच जमा करायची असते. शेठने घरी येऊन हातात दिलेले पैसे आणि त्यावर घेतलेली तुमची सही याला पूर्ण भरपाई दिली असं धरत नाहीत.

पगारातून ईएसआय (कामगार राज्य विमा) कापलं जात असेल तर हा दावा होत नाही, त्याऐवजी ईएसआयकडून बायको-मुलांना दरमहा पेन्शन मिळते, ती बऱ्याचदा जास्त फायद्याची असते. बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी असेल तर कामावरच्या अपघाती मृत्यूला तिथून ५ लाख वेगळे. कारखान्यातला अपघात असेल तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय म्हणजे डिश चौकशी करतं, तो रिपोर्ट माहिती अधिकारात मागवा.

हॉस्पिटलच्या चुकीने पेशंट गेला असं वाटतंय.

पेशंट गेला म्हणजे डॉक्टर चुकलेच असं नसतं, हे मी आधी प्रत्येकाला सांगते, कारण चांगल्या डॉक्टरच्या हातूनही पेशंट जातो. पण संशय खरा असेल तर आधी सगळे केस पेपर मागा, लेखी. मागितल्यापासून ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे. डिस्चार्ज किंवा डेथ समरीवर समाधान मानू नका, नर्सिंग चार्ट, औषधांची नोंद, ऑपरेशन नोट्स, संमतीपत्र सगळं हवं. बिल बाकी आहे म्हणून मृतदेह अडवून ठेवता येत नाही, तसं केलं तर ११२ ला फोन करा. आणि तोडफोड, मारहाण अजिबात नको, त्याने तुमच्यावरच गुन्हा दाखल होतो आणि केस पेपर मिळणं आणखी अवघड होतं.

भरपाईसाठी ग्राहक आयोग, मुदत २ वर्षं. हॉस्पिटलला दिलेले पैसे ५० लाखांपर्यंत असतील तर जिल्हा आयोग, मागणी कितीही असू दे. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल करता येतं, फी अगदी थोडी. उपचार पूर्ण फुकट देणाऱ्या सरकारी किंवा महापालिका हॉस्पिटलविरुद्ध मात्र ग्राहक आयोगात जाता येत नाही, तिथे दिवाणी दावा किंवा हायकोर्ट. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा व्हायला २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालाप्रमाणे दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरांचं मत आधी लागतं. लायसन्सबाबतची तक्रार महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे. आधी दुसऱ्या तज्ज्ञ डॉक्टरला पेपर दाखवून त्याचं प्रामाणिक मत घ्या, त्यावर पुढचे पैसे आणि वर्षं घालवायची की नाही ते ठरवा.

शॉक लागून, स्लॅब पडून, झाड पडून, सोसायटीच्या टाकीत पडून मृत्यू झाला तर?

यासाठी वेगळं न्यायाधिकरण नाही. १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा आहे, त्याखाली दिवाणी कोर्टात दावा, मुदत मृत्यूपासून २ वर्षं. समोर सरकार असेल तर आधी २ महिन्यांची नोटीस लागते. विजेच्या शॉकमध्ये विद्युत निरीक्षकाचा रिपोर्ट महत्त्वाचा, तारेतून वीज बाहेर आली तर वीज कंपनीची जबाबदारी चूक सिद्ध न करताही धरतात, हे सुप्रीम कोर्टाने २००२ मध्येच म्हटलंय. सरकारी यंत्रणेचा हलगर्जीपणा उघड दिसत असेल तर हायकोर्टात रिट याचिका करता येते. इमारत पडली असेल तर ती महापालिकेच्या धोकादायक यादीत होती का, नोटीस कधी दिली होती, हे माहिती अधिकारात काढा.

आम्ही खारघरला राहतो, कोर्ट ठाण्याचं की दुसरं?

नवी मुंबई म्हटलं तरी ऐरोलीपासून बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा आणि खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल, उरण हा रायगड जिल्हा. पोलिस आयुक्तालय एकच आहे म्हणून लोकांचा गोंधळ होतो. म्हणजे ग्राहक तक्रार रायगडच्या आयोगाकडे अलिबागला, विधी सेवा प्राधिकरणही रायगडचं. रस्ते अपघाताचा दावा मात्र अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे, कुठेही करता येतो, सोयीचं बघा.

दावा कोण करू शकतं? सासर-माहेर वाद चालू आहे.

बायको, नवरा, मुलं, आई-वडील, सगळे. लग्न झालेली मुलगीही. सगळ्यांना पक्षकार करा, नाहीतर नंतर कोणी तरी उभं राहतं आणि पैसे अडकतात. कोणाला किती ते कोर्ट ठरवतं, अल्पवयीन मुलांचा वाटा ते सज्ञान होईपर्यंत एफडीत ठेवायला लावतात. सुनेला माहेरी पाठवून सगळे कागद स्वतःकडे ठेवणारी घरं मी बघितलीत. ताई, पीएम आणि एफआयआरची एक कॉपी तुझ्या स्वतःच्या पिशवीत असू दे, आणि बँक खातं फक्त तुझ्या नावाचं उघड.

वकिलाला द्यायला पैसे नाहीत. एक जण म्हणतो आता काही देऊ नका, मिळतील त्यातले तीस टक्के द्या.

निकालातून टक्केवारी ठरवणं वकिलांना नियमानेच बंद आहे. हॉस्पिटलच्या बाहेर किंवा शवागाराजवळ कार्ड वाटणारे जे येतात त्यांना वकीलपत्रावर सही करून देऊ नका, कोऱ्या चेकवर तर कधीच नाही. ठाण्याच्या जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, कामगारांनाही, आणि बाकीच्यांना वर्षाला ३ लाखांच्या आत उत्पन्न असेल तर. हेल्पलाइन १५१००. फुकटचा वकील म्हणजे कामचुकार असं लोक बोलतात, माझा अनुभव तसा नाही, फक्त तारखेला तुम्ही स्वतः हजर रहा आणि प्रत्येक कागदाची कॉपी ठेवा.

लोकअदालतीत तडजोड करावी का?

वेळ वाचतो, पण तिथे झालेल्या निवाड्यावर अपील नाही, म्हणून आकडा मान्य असेल तरच. रस्ते अपघाताचा वरचा हिशोब स्वतः कागदावर करून जा, इन्शुरन्सवाला निम्मं म्हणाला तर नाही म्हणायला जीभ उचलली पाहिजे. घरात मुलांच्या फी थकल्यात आणि केसला अजून तीन-चार वर्षं लागतील असं दिसत असेल तर थोडं कमी घेऊन मोकळं होणं यात काही चूक नाही. निकाल लागल्यावर रक्कम कमी वाटली तर मात्र हायकोर्टात अपील आहे, रस्ते अपघातात ९० दिवसांत.

क्रिमिनल केसमध्ये ड्रायव्हर निर्दोष सुटला. आता भरपाई गेली का?

गेली नाही. फौजदारी कोर्टात गुन्हा संशयापलीकडे सिद्ध व्हावा लागतो, भरपाईच्या कोर्टात जास्त शक्यता कशाची आहे एवढं बघतात, म्हणून तिकडे सुटलेल्या ड्रायव्हरच्या गाडीसाठी इकडे पूर्ण भरपाई मिळालेल्या केसेस भरपूर आहेत. समोरचा वकील तो निकाल दाखवेल, तुमच्या वकिलाने पंचनामा, चार्जशीट आणि प्रत्यक्ष बघणाऱ्याची साक्ष दाखवायची. तो साक्षीदार कुठे राहतो, त्याचा नंबर बदललाय का, हे वर्षातून एकदा तरी फोन करून बघत रहा.